शंका-समाधान : एस३७ उघडण्याआधी

एस३७ म्हणजे मूत्रसंस्था आणि ओटीपोटातल्या अवयवांच्या इजांचा कोडगट. या इजांवरचे बरेच प्रश्न साठले होते, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेक प्रश्न पुणे आणि नवी मुंबईत बसून अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट कोड करणाऱ्यांचे, म्हणजे नोंदी वाचून निदानांना कोड देणाऱ्यांचे आहेत, त्यामुळे उत्तरं आयसीडी-१०-सीएमला, म्हणजे निदानांच्या कोडांच्या अमेरिकन यादीला, धरून आहेत. शेवटचा प्रश्न तेवढा आपल्याकडच्या विमा दाव्याचा आहे. कोडमधली अक्षरं इथे देवनागरीत छापली आहेत. सिस्टिममध्ये ती अर्थातच रोमन टाकायची, आणि ‘ओ’ दिसला की तो अक्षर ओ आहे, शून्य नाही. यादी दर १ ऑक्टोबरला बदलते, तेव्हा डिस्चार्जची तारीख पाहून त्या वर्षाचीच यादी उघडा.

प्रश्न : सीटी रिपोर्टमध्ये ‘डाव्या किडनीला २.४ सेंमी खोल लॅसरेशन, ग्रेड ३’ आहे. सर्जनने डिस्चार्ज समरीत फक्त ‘ग्रेड ३ रीनल लॅसरेशन, लेफ्ट’ लिहिलं आहे. मी एस३७.०५२ए दिला, क्यूएने (कोडिंग तपासणाऱ्याने) तो एस३७.०३२ए केला आणि माझे गुण कापले. बरोबर कोण? — कोडर, हिंजवडी

इनपेशंट चार्ट असेल तर क्यूएचं पारडं जड आहे. मात्र त्यांनीही काम अर्ध्यावरच सोडलं आहे. या चार्टवर आधी क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, जायला हवी होती.

ग्रेड आणि कोड या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. ग्रेड येतो अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेच्या, म्हणजे एएएसटीच्या, तक्त्यातून. त्यात लॅसरेशनची, म्हणजे फाटलेल्या जखमेची, खोली पाहतात, शिवाय लघवी बाहेर झिरपते आहे का, रक्तस्राव किडनीभोवतीच्या आवरणात थांबला आहे का, हेही पाहतात. कोडला यातलं काही नको असतं, त्याला फक्त सेंटिमीटर कळतात. १ सेंमीपेक्षा कमी असेल तर एस३७.०४, १ ते ३ सेंमी असेल तर एस३७.०५, ३ सेंमीच्या वर एस३७.०६, आणि माप नमूद नसेल तर एस३७.०३. सहावा अंक बाजूचा : १ उजवी, २ डावी, ९ बाजू नमूद नाही. शेवटचं ‘ए’ म्हणजे सक्रिय उपचार, त्यावर पुढे येईलच.

आता एएएसटीच्या २०१८ च्या तक्त्यात ग्रेड ३ म्हणजे १ सेंमीपेक्षा खोल, पण वरची मर्यादा दिलेलीच नाही. दीड सेंमीचं लॅसरेशनही ग्रेड ३ आणि साडेतीन सेंमीचंही ग्रेड ३. पहिलं ०५ मध्ये जातं, दुसरं ०६ मध्ये. शिवाय त्या तक्त्यात लॅसरेशन कितीही लहान असलं तरी सोबत किडनीच्या रक्तवाहिनीला इजा असेल तर ग्रेड ३ होऊ शकतो. म्हणून नुसत्या ‘ग्रेड ३’वरून ०५ गृहीत धरता येत नाही. ग्रेड २ चंही तेच : कधी त्यात लॅसरेशन नसतंच, नुसता किडनीभोवतीचा हिमॅटोमा (साकळलेलं रक्त) असतो. आणि नेमकं १ सेंमी भरलं तर त्या तक्त्यात तो ग्रेड २, कोडिंगमध्ये मात्र ‘मॉडरेट’, म्हणजे ०५. डेस्कवर कुणी ग्रेड-ते-कोड असा रूपांतर तक्ता चिकटवला असेल तर तो काढून टाका.

राहिला माप कुणाचं हा मुद्दा. इनपेशंटला निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदीत हवं. फ्रॅक्चर आधीच नोंदवलेलं असेल तर त्याची नेमकी जागा एक्स-रे रिपोर्टवरून घेता येते, हे खरं. तुम्ही बहुधा तोच न्याय इथे लावला, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण इथे आकडा बदलला की इजेची तीव्रताच बदलते, नुसती जागा नव्हे. तीव्रता रेडिओलॉजिस्टच्या एका ओळीवर टाकली तर ऑडिटमध्ये टिकवणं अवघड जातं. क्वेरी साधी ठेवा. सीटीतलं वाक्य तारखेसह उद्धृत करा आणि पर्याय द्या : १ सेंमीपेक्षा कमी, १ ते ३ सेंमी, ३ सेंमीपेक्षा जास्त, इतर, सांगता येत नाही. कोणत्या पर्यायाने डीआरजी, म्हणजे हॉस्पिटलला मिळणाऱ्या पैशांचा गट, बदलेल याचा उल्लेख क्वेरीत येता कामा नये. उत्तर आलंच नाही तर मग एस३७.०३२ए.

हाच चार्ट ईडीचा (इमर्जन्सी विभागाचा) असेल तर चित्र पालटतं. ग्रेड ३ ची इजा घेऊन सहसा कुणी ईडीतून घरी जात नाही, पण मोठ्या ट्रॉमा सेंटरला पाठवलं जातं आणि आधीच्या हॉस्पिटलचा ईडी चार्ट तुमच्या रांगेत येतो. तो आउटपेशंट चार्ट. तिथे कोड करताना रेडिओलॉजिस्टचा अंतिम रिपोर्ट हातात असेल तर त्यातलं निश्चित निदान वापरता येतं, आणि तुमचा एस३७.०५२ए योग्य ठरतो. फक्त ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’ असे शब्द आउटपेशंटला चालत नाहीत. इनपेशंटला ते डिस्चार्जपर्यंत टिकले असतील तर चालतात.

याच शीर्षकाखाली आणखी तीन गोष्टी अडतात. एकाच किडनीला अनेक मॉडरेट लॅसरेशन असतील तर ०५ दोनदा द्यायचा नसतो. टॅब्युलरमध्ये, म्हणजे कोडांच्या क्रमाने लावलेल्या यादीत, ‘मल्टिपल मॉडरेट’ थेट ०६ खाली आहे. ताऱ्याच्या आकाराचं स्टेलेट लॅसरेशन आणि किडनी देठापासून सुटणं, म्हणजे ॲव्हल्शन, हेही तिथेच. किडनीची मुख्य रक्तवाहिनी फाटली असेल तर तिचा कोड वेगळा, एस३५.४१ च्या गटातला. उदाहरणार्थ डाव्या रीनल आर्टरीला एस३५.४१२ए. तीच मूळ आणि मुख्य इजा असेल तर रक्तवाहिनीचा कोड आधी लागतो. तिसरी गोष्ट मुकामाराची, म्हणजे कंट्यूजनची. २ सेंमीपेक्षा कमी एस३७.०१, २ सेंमीपेक्षा जास्त एस३७.०२. बरोबर २ सेंमी भरलं तर कुठे, हे वर्गीकरण करणाऱ्यांनाच विचारायला हवं! माप नसलेलं कंट्यूजन मात्र ०१ मध्येच जातं, तसं तिथे लिहिलेलं आहे.

प्रश्न : एन्कोडरमध्ये (कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘किडनी इंज्युरी’ टाकलं की एस३७.००९ए येतो. चार्टमध्ये ‘एकेआय, सेप्सिसमुळे’ आहे. चालेल का? — प्रशिक्षणार्थी, वाशी

नाही. एकेआय, म्हणजे किडनीचं काम अचानक मंदावणं, हा आजार आहे, मार लागलेला नाही. त्याचा कोड एन१७.९, आणि ट्यूब्युलर नेक्रोसिस लिहिलं असेल तर एन१७.०. इंडेक्समध्ये, म्हणजे शब्दांनुसारच्या सूचीत, इंज्युरी, मग किडनी, मग ‘अक्यूट (नॉनट्रॉमॅटिक)’ इथपर्यंत उतरलात की एन१७.९ सापडतो, एन्कोडर पहिल्याच पायरीवर थांबला होता. एस३७.० खाली एन१७.९ चा एक्सक्लूड्स२ आहे, म्हणजे दोन्ही खरोखर असतील तर दोन्ही देता येतात : अपघातात किडनी फाटली आणि पुढे चार दिवसांनी शॉकमुळे एकेआयही झाला, असं. ढिगाऱ्याखाली चिरडून लघवी बंद झाली असेल, म्हणजे क्रश सिंड्रोम असेल, तर आणखी वेगळा : टी७९.५एक्सएक्सए.

प्रश्न : लॅप्रोस्कोपिक हिस्टरेक्टमीत ब्लॅडरला छिद्र पडलं, तिथल्या तिथे शिवलं. ऑप नोटमध्ये ‘इन्सिडेंटल सिस्टॉटॉमी, रिपेअर्ड इन टू लेयर्स’. एस३७.२३एक्सए दिला तर चार्ट परत आला. सिझेरियनमध्ये असंच झालं तर तोच कोड का? — कोडर, खराडी

ब्लॅडर तेच आणि भोकही तेच, पण कोड ठरतो तो ते कशाने पडलं यावर. एस३७ ची सुरुवात बाहेरून लागलेल्या मारापासून होते. शस्त्रक्रियेत चुकून छेद गेला तर तो एन९९.७ खाली : मूत्र-जनन संस्थेवरच शस्त्रक्रिया चालू असताना झाला तर एन९९.७१, दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेत झाला तर एन९९.७२. हिस्टरेक्टमीतलं गर्भाशय मूत्र-जनन संस्थेतच मोडतं, म्हणून तुमच्या चार्टला ७१. मोठ्या आतड्याचा भाग काढताना युरेटर (किडनीकडून ब्लॅडरकडे जाणारी नळी) कापला गेला असता तर ७२. या कोडांना सातवं अक्षर लागत नाही, एन९९.७१ला ‘ए’ जोडून सबमिट केलात तर तो अवैध म्हणून परत येतो. सोबत बाह्य कारणाचा वाय६०.० जातो. शस्त्रक्रिया ॲडमिशननंतरची असेल तर पीओए (दाखल होताना ती बाब होती का, हे सांगणारी खूण) ‘एन’, म्हणजे नव्हती.

सिस्टॉटॉमी म्हणजे ब्लॅडरला छेद. खरी अडचण ‘इन्सिडेंटल’ या शब्दाची. काही सर्जन त्याचा अर्थ ‘अनवधानाने’ असा धरतात, काही ‘किरकोळ, दखल घेण्याजोगं नाही’ असा, आणि ब्लॅडर घट्ट चिकटलेलं असल्यामुळे मुद्दाम उघडलं तरी काही जण तेच लिहितात. मुद्दाम केलेला छेद हा एन९९.७१ नाही. कॉम्प्लिकेशनच्या कोडसाठी दोन गोष्टी नोंदीतून दिसायला हव्यात : शस्त्रक्रियेशी कार्यकारण संबंध, आणि ती बाब वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची असणं. डॉक्टरांनी ‘कॉम्प्लिकेशन’ हा शब्दच लिहिला पाहिजे अशी अट नाही, तरीही बरेच क्यूए तो शब्द नाही म्हणून कोड काढायला लावतात. तिथे मार्गदर्शक सूचनांचा पहिला विभाग दाखवा. उलट बाजूने, दोन थरांत शिवलं आणि कॅथेटर ठेवला यावरून महत्त्व दिसत असलं तरी छेद अनवधानाने झाला हे तुम्ही ठरवायचं नाही. तेवढं विचारा : ‘सिस्टॉटॉमी शस्त्रक्रियेसाठी आवश्यक म्हणून केली, चिकटलेल्या भागामुळे टाळता न येणारी होती, अनवधानाने झाली, की इतर?’ सर्जन अशा क्वेरीवर चिडतात, कारण हा कोड एएचआरक्यू या अमेरिकन सरकारी संस्थेच्या रुग्णसुरक्षा निर्देशकांपैकी १५ व्याच्या हिशेबात येतो आणि हॉस्पिटलच्या नावावर लागू शकतो. म्हणूनच न विचारता लावायचा नाही, आणि नोंद स्पष्ट असेल तर गाळायचाही नाही.

सिझेरियन किंवा प्रसूतीत ब्लॅडर वा युरेथ्रा (मूत्रमार्ग) दुखावली तर ओ७१.५. एस३७ खाली ओ७१ चा एक्सक्लूड्स१ आहे, म्हणजे एकाच इजेला दोन्ही नाहीत. प्रसूतीत युरेथ्राच्या भोवतीची त्वचा फाटली, युरेथ्रा नव्हे, तर ओ७१.८२, प्रसूतीच्या चार्टमध्ये हे प्रत्यक्षात जास्त दिसतं आणि हमखास ओ७१.५ मध्ये ढकललं जातं. गरोदर बाईला कार अपघातात मार लागला असेल तर मात्र प्रसूतीचा आघात नाही : आधी ओ९ए.२१ च्या गटातला तिमाहीनुसार कोड, दुसऱ्या तिमाहीला ओ९ए.२१२, आणि त्यामागे एस३७ मधला.

प्रश्न : कार अपघात, ओटीपोटाची हाडं मोडली, ‘एक्स्ट्रापेरिटोनियल ब्लॅडर रप्चर’. लॅसरेशन म्हणून एस३७.२३एक्सए की आणखी काही? पुढच्या फॉलो-अपला ‘ए’ की ‘डी’? — कोडर, ऐरोली

इंडेक्समध्ये ‘लॅसरेशन’ नको, ‘रप्चर’ उघडा : ब्लॅडर, ट्रॉमॅटिक, आणि तिथे एस३७.२९ आहे. म्हणजे एस३७.२९एक्सए. युरेटरचं रप्चर एस३७.१९, युरेथ्राचं एस३७.३९, पण किडनीचं रप्चर थेट एस३७.०६ मध्ये. असं का, याचं कारण शोधत बसू नका. इंडेक्स सांगतो तिकडे जा आणि टॅब्युलरमध्ये ताडून पाहा. नुसतं ‘रप्चर’ टाकून ‘ट्रॉमॅटिक’ राहिलं तर एन३२.८९ मिळतो, तो आपोआप फुटलेल्या ब्लॅडरचा.

फाटलेला भाग पेरिटोनियमच्या (पोटाच्या पोकळीच्या अस्तराच्या) आत की बाहेर, यावरून सर्जनचा निर्णय बदलतो : बाहेरचं बऱ्याचदा नुसत्या कॅथेटरवर भरून येतं, आतलं सहसा शिवावं लागतं. कोड मात्र एकच. युरेटरला बाजूही नाही, डावा-उजवा हे प्रोसिजर कोडमध्येच दिसतं. हे अवयव पाच अंकांवर संपतात म्हणून सहाव्या जागी एक्स भरून सातवं अक्षर द्यायचं. किडनीचे कोड सहा अंकी, तिथे एक्स नाही. नव्या लोकांचे निम्मे रिजेक्शन या एका एक्सपायी होतात.

हाडांचे कोड एस३२ मधून. पेल्व्हिक रिंग अस्थिर झाल्याचं आणि एकाहून जास्त फ्रॅक्चरचं लिहिलं असेल तर एस३२.८११ए, फ्रॅक्चर उघडं असेल तर सातवं अक्षर ‘बी’, तरी ब्लॅडरचं ‘ए’च राहतं. क्रम डॉक्टरांनी सर्वात गंभीर ठरवलेल्या आणि उपचाराचा रोख असलेल्या इजेपासून. ब्लॅडर फुटल्यावर रक्ताची लघवी होणारच, तिला वेगळा आर३१.० नको. कारचालक दुसऱ्या कारवर आदळला असेल तर व्ही४३.५२एक्सए. जागेचा वाय९२ फक्त पहिल्या वेळी. व्हीचा कोड मात्र पुढच्या भेटींनाही सातवं अक्षर बदलून सोबत राहतो.

‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे, सक्रिय उपचार. रुग्ण दुसऱ्या हॉस्पिटलला हलवून तिथे शस्त्रक्रिया झाली तर तिथेही ‘ए’. दोन आठवड्यांनी सिस्टोग्राम (ब्लॅडरचा एक्स-रे) काढून गळती नाही हे पाहिलं आणि कॅथेटर काढला, तर एस३७.२९एक्सडी : ‘डी’ म्हणजे सक्रिय उपचारानंतरची देखभाल.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वीच्या पेल्व्हिक फ्रॅक्चरनंतर युरेथ्रा आखडली, आता युरेथ्रोप्लास्टी. शस्त्रक्रिया आहे म्हणून ‘ए’ दिला. — कोडर, मगरपट्टा

शस्त्रक्रिया आखडलेल्या मार्गाची आहे, जुन्या जखमेची नव्हे. आधी आजची स्थिती : पुरुषात मार लागल्यानंतरचं स्ट्रिक्चर एन३५.०१ मध्ये, मेम्ब्रेनस भागाचं एन३५.०१२, बल्बसचं एन३५.०११, जागा लिहिलेली नसेल तर एन३५.०१४. मग मूळ इजा ‘एस’ (सीक्वेला, म्हणजे जुन्या इजेचा मागे राहिलेला परिणाम) हे अक्षर लावून : युरेथ्रा रप्चर झाली होती असं नोंदवलं असेल तर एस३७.३९एक्सएस, आणि अपघाताचा व्ही कोडही ‘एस’नेच. पहिलं एस धड्याचं, शेवटचं सीक्वेलाचं.

पण त्याच रुग्णाची मधल्या काळात प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली असेल तर थांबा. प्रोसिजरनंतरचं स्ट्रिक्चर एन९९.११ खाली जातं, आणि एन३५ खाली त्याचा एक्सक्लूड्स१ आहे. नेमकं कशामुळे आखडलं हे युरॉलॉजिस्टच सांगू शकतात. जुन्या चार्टवरून तुम्ही अंदाज बांधू नये.

प्रश्न : पाठीत चाकू, उजव्या किडनीला ४ सेंमी लॅसरेशन. जखमेचा वेगळा कोड लागतो का? — कोडर, नवी मुंबई

लागतो. एस३७ खालीच उघड्या जखमेचा एस३१ सोबत द्या अशी सूचना आहे. इथे एस३७.०६१ए, आणि कमरेवरचा वार रेट्रोपेरिटोनियमपर्यंत (पेरिटोनियमच्या मागच्या जागेपर्यंत) गेलेला असेल तर एस३१.०११ए; नोंदीत ‘स्टॅब’ऐवजी पंक्चर जखम असेल तर एस३१.०३१ए. हल्ला असल्याचं लिहिलं असेल तर एक्स९९.१एक्सएक्सए.

प्रश्न : मी हॉस्पिटलच्या टीपीए (विमा दावे हाताळणाऱ्या) डेस्कवर आहे. दुचाकीवरून पडून किडनी फाटलेल्या रुग्णाच्या क्लेमवर मी इंटरनेटवरून पाहून एस३७.०१ टाकला. विमा कंपनीने विचारलं, ‘उघडी जखम कुठे आहे?’ — कोल्हापूर

त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची यादी उघडली, तुम्ही अमेरिकेची. जागतिक आयसीडी-१० मध्ये किडनीची इजा म्हणजे एस३७.०, आणि पाचवा अंक ऐच्छिक आहे : ० म्हणजे पोकळीपर्यंत उघडी जखम नाही, १ म्हणजे आहे. अमेरिकेच्या यादीत तेच पाच अंक एस३७.०१ म्हणजे किडनीचा किरकोळ मुकामार. दोन्ही यादींत कोड दिसायला हुबेहूब सारखा आणि अर्थ पार वेगळा. गंमत म्हणजे तुमच्या रुग्णाला दोन्ही लागू नाहीत : जखम बंद आहे, आणि मुकामार नाही, किडनी फाटली आहे.

आपल्याकडच्या क्लेम फॉर्मच्या ‘ब’ भागात निदानासाठी नुसतं आयसीडी-१० असं लिहिलेलं असतं, ‘सीएम’ नाही. तिथे एस३७.०, पाचवा अंक मागत असतील तर एस३७.००. बाजू, सेंटिमीटर, सातवं अक्षर यातलं काही या यादीत नाही, म्हणून उदाहरणार्थ ‘डावी किडनी, लॅसरेशन, ग्रेड ३’ असं निदानाच्या ओळीत शब्दांनी लिहा. मंजुरी देणारे डॉक्टर तेच वाचतात. (त्याच फॉर्मवर शस्त्रक्रियेसाठी मात्र पीसीएसची चौकट आहे आणि पीसीएस ही शस्त्रक्रियांच्या कोडांची यादी अमेरिकेचीच. एका पानावर दोन देश.)

आता कंपनीला दुरुस्तीपत्र द्या : कोड एस३७.०० असा वाचावा, जखम बंद आहे, सोबत सीटी रिपोर्ट. अपघात असल्याने मेडिको-लीगल आणि एफआयआरच्या चौकटी रिकाम्या राहिल्या आहेत का, तेही त्याच वेळी पाहून घ्या, नाहीतर पुढचा प्रश्न त्यावरून येईल.